खंजिरीवरची युद्धगीतं

बिगुलावरच्या संचलनगीतांआधी विदर्भाने लढ्याची गाणी ऐकली ती खंजिरीवर. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) भजनातून लोकांना उभं करत. १९४२च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ चळवळीत विदर्भातलं चिमूर पेटलं, त्यामागे ही भजनंही होती. इंग्रज सरकारने महाराजांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात टाकलं. एका वाद्याची केवढी ही धास्ती! पुढे १९६२ आणि १९६५च्या युद्धांत ते थेट सीमेवर गेले, जवानांपुढे गायले. त्याच काळात वसंत बापट, कुसुमाग्रजांची समरगीतंही घरोघरी पोचली. तुमच्या गावच्या भजनी मंडळात त्या वेळचे कुणी ज्येष्ठ असतील, तर त्यांच्या आवाजातली ही भजनं आत्ताच ध्वनिमुद्रित करून ठेवा.