एका ओळीचा क्रम

लांबच्या सर्व्हरवर दोन टेबलं आहेत. एकात दहा लाख ऑर्डरी, दुसऱ्यात पाच हजार ग्राहक. आपल्याला हव्यात बारा ओळी. दहा लाख ओळी नेटवर्कवरून ओढून आणून इथे जुळवायच्या, की तिकडेच जुळवून बाराच मागवायच्या? उत्तर उघड आहे. पण पोस्टग्रेस या डेटाबेसला दूरच्या सर्व्हरशी जोडणाऱ्या पोस्टग्रेस-एफडीडब्ल्यूला हे जमलं ते २०१६ साली, ९.६ आवृत्तीत. ते घडवणाऱ्यांत शिगेरू हानादा यांच्यासोबत आशुतोष बापट हेही होते.

‘तिकडेच जुळव’ म्हटलं की एक अवघड प्रश्न उभा राहतो. समजा, क्वेरीत आपल्याकडचंही एखादं टेबल आहे, त्यातली एक ओळ लॉक करायची आहे, आणि नेमकी तेवढ्यात ती दुसऱ्या कुणीतरी बदलली. आता बदललेली ओळ अजून अटीत बसते का, हे पुन्हा तपासायला हवं. जुळणी तर झाली परक्या सर्व्हरवर! म्हणून क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा प्लॅनर एक राखीव योजना जवळ बाळगतो: वेळ आलीच तर हीच जुळणी इथे कशी करायची, याची. या फेरतपासणीत प्रत्येक टेबलाची एकच ओळ असते.

आता जुळणीची एक पद्धत, मर्ज जॉइन, बघा. क्रमाने लावलेल्या दोन याद्या शेजारी ठेवायच्या, दोन्हींवर एकेक बोट ठेवायचं आणि जुळणाऱ्या नोंदी टिपत खाली सरकायचं. क्रम बिघडला की सगळंच फसलं. म्हणून योजनेच्या प्रत्येक तुकड्यावर ‘माझा क्रम अमुक’ अशी चिठ्ठी असते आणि प्लॅनर ती कसोशीने तपासतो.

राखीव योजनेवरची चिठ्ठी मूळ योजनेपेक्षा वेगळी असली तरी चालेल, असं धरलं होतं. एकाच ओळीला कसला आलाय क्रम? पण जास्त टेबलं जोडताना एका जुळणीची राखीव योजना वरच्या जुळणीच्या राखीव योजनेत वीट म्हणून बसते. तिथे मर्ज जॉइन आला, चिठ्ठी जुळेना, आणि प्लॅनरने एरर देऊन हात वर केले. एकही ओळ वाचण्याआधी अख्खी क्वेरी बंद पडली, तीही कदाचित कधीच न लागणाऱ्या योजनेपायी.

फेब्रुवारी २०१८मध्ये, १०.२ आणि ९.६.७ या आवृत्त्यांत, रॉबर्ट हास यांची दुरुस्ती आली. चिठ्ठी जुळत नसेल तिथे राखीव योजनेत सॉर्टची एक पायरी घालायची. म्हणजे एकाच ओळीला क्रम लावायचा! मला ही दुरुस्ती फार सुंदर वाटते. तपासणीच सैल करणं सोपं होतं, पण तीच तपासणी लाखो ओळींच्या मर्ज जॉइनवर पहारा देते. तिथे चुकीचा क्रम सुटला तर एरर येईलच असं नाही, नुसतं चुकीचं उत्तरही येऊ शकतं.

हे डोळ्यांनी बघता येतं. दूरची दोन-तीन टेबलं जोडा, शेवटी ओळी लॉक करणारं ‘फॉर अपडेट’ लावा आणि योजना दाखवणारं ‘एक्सप्लेन’ चालवा. फॉरेन स्कॅन या दूरच्या जुळणीच्या पायरीच्या पोटात ती राखीव योजना दिसेल.