ड्रमरसमोर किती वॉट पुरतात?

बँडसाठी पहिला ट्यूब ॲम्प घ्यायला निघालेल्या गिटारिस्टला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात आणि जवळजवळ प्रत्येकाचा सल्ला आकड्यानेच सुरू होतो. ‘पंधरा वॉट? घरात वाजवायला ठीक. स्टेजवर निदान पन्नास हवेत, आणि रॉक वाजवणार असशील तर शंभर.’ असं सांगणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी शंभर वॉटच्या ॲम्पचा नॉब कधी पाचच्या पुढे नेलेला असतो. कुणी नेऊच देत नाही.

वॉटचा आकडा खोटा नसतो, आपण त्यातून भलताच अर्थ काढतो. शंभर वॉटचा ॲम्प पन्नास वॉटच्या दुप्पट आवाज करत नाही. शक्ती दुप्पट केली की आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबलने चढते. कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट शक्ती. या हिशोबाने १५ आणि १०० वॉटमधला फरक ८ डेसिबलच्या आसपास येतो. तो जाणवतो, पण सातपट मुळीच नाही, दुप्पटही नाही.

मग वॉट ठरवतात काय? ॲम्प किती मोठ्या आवाजापर्यंत क्लीन राहील, हे. गिटारवाले याला हेडरूम म्हणतात. दोन ईएल८४ पॉवर ट्यूबवर चालणारा १५ वॉटचा फेंडर ब्लूज ज्युनिअर ड्रमरसमोर ऐकू येतो, पण त्या पातळीला पोचेपर्यंत त्याचा आवाज फाटू लागलेला असतो. ब्लूज किंवा जुन्या वळणाचं रॉक वाजवणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. फंकच्या तुटक कॉर्ड्स वाजवायच्या असतील, जॅझ असेल, किंवा सगळा आवाज पेडलांवर उभारायचा आणि ॲम्प क्लीनच ठेवायचा असेल, तर मात्र दोन ६एल६ ट्यूबचा ४० वॉटचा ॲम्प ही चैन नव्हे, गरज आहे. तारा खाली उतरवून मेटल वाजवणाऱ्यांचंही तसंच, कारण खालच्या सुरांना सर्वात जास्त शक्ती लागते. या दोन टोकांच्या मधे फेंडरचा डिलक्स रिव्हर्ब बसतो: २२ वॉट, दोन ६व्ही६, बारा इंची एक स्पीकर. अनेक बँडांचं सगळं आयुष्य तेवढ्यात निघतं.

शंभर वॉटचं वेड आलं कुठून, हे पाहण्यासारखं आहे. साठच्या दशकात पीए सिस्टिम जवळपास फक्त गायकासाठी असायची. गिटारच्या ॲम्पसमोर माइक लावायची पद्धत रुळली नव्हती. शेवटच्या रांगेपर्यंत गिटार पोचवायची जबाबदारी ॲम्पवरच होती. १५ ऑगस्ट १९६५ ला बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे ५५,६०० लोकांसमोर वाजवत होते, तेव्हा त्यांच्यामागे व्हॉक्सचे १०० वॉटचे ॲम्प होते आणि गाण्याचा आवाज स्टेडियमच्या स्वतःच्या भोंग्यांतून येत होता. किंचाळ्यांपुढे दोन्ही कमी पडले. त्याच सुमारास लंडनमध्ये ‘द हू’चा पीट टाउनशेंड जिम मार्शलकडे आणखी मोठा आवाज मागत होता. त्या मागणीतून मार्शलचा १०० वॉटचा ॲम्प आणि एकावर एक रचलेली कॅबिनेटं आली. गंमत अशी, की हे सगळं ज्याच्या हॅनवेलच्या दुकानातून निघालं तो जिम मार्शल मुळात ड्रमर, ड्रम शिकवणारा. आणि त्याचा पहिला ॲम्प, १९६२ चा जेटीएम ४५, हा फेंडरच्या बासमनच्या सर्किटवर बेतलेला होता. म्हणजे रॉक गिटारचा ‘खरा’ आवाज बास गिटारसाठी काढलेल्या ॲम्पमधून आला.

आज परिस्थिती उलटी आहे. बऱ्या गिगमध्ये साउंडवाला ॲम्पसमोर माइक ठेवतो, तुमचा आवाज पीएमधून लोकांपर्यंत आणि मॉनिटरमधून तुमच्यापर्यंत पोचवतो. नील यंग १९५९ च्या, साधारण १५ वॉटच्या फेंडर डिलक्सवर मोठमोठ्या अरीना गाजवत आला आहे. ब्रायन मे ३० वॉटचे व्हॉक्स एसी३० वापरतो, पूर्ण उघडून, आणि आवाज कमी-जास्त गिटारवरच्या नॉबने करतो. ॲम्पला आता फक्त स्टेज भरायचं असतं. उलट स्टेजवर ॲम्प फार मोठा असेल तर तो गायकाच्या माइकमध्ये शिरतो, आणि साउंडवाल्याकडे एकच उपाय उरतो: पीएमधली गिटार जवळपास बंद करणं. मग पुढच्या रांगेला फक्त गिटार आणि मागच्यांना फक्त गाणं असा प्रकार होतो.

प्रॅक्टिस रूममध्ये मात्र माइक नसतो, आणि तिथे ठरवतो तो ड्रमर. जोरात वाजवलेले ड्रम्स जवळून सहज १०० डेसिबलच्या पुढे जातात. म्हणून ॲम्प निवडताना ‘किती वॉट’ याआधी ‘ड्रमर कोण’ हा प्रश्न विचारायला हवा.

वॉटच्या नादात स्पीकरकडे कुणी बघत नाही, आणि माझ्या मते खरा पैसा तिथेच वाचतो. प्रत्येक स्पीकरची संवेदनक्षमता कंपनी देते: १ वॉट दिला, तर १ मीटरवर किती डेसिबल. सेलेस्टियनच्या व्हिंटेज ३० चा आकडा १०० आहे, त्यांच्याच जी१२एम-६५ क्रीमबॅकचा ९७. तीन डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीचा दुप्पट फरक. १५ वॉटचा ॲम्प पहिल्या स्पीकरवर जेवढा वाजेल तेवढं वाजायला दुसऱ्यावर ३० वॉट लागतील. ॲम्प बदलण्यापेक्षा स्पीकर बदलणं किती स्वस्त, हे ज्याने-त्याने ताडून पाहावं. स्पीकरवरच्या वॉटच्या आकड्याबद्दलही गोंधळ होतो. ६० वॉटचा स्पीकर २५ वॉटच्या स्पीकरपेक्षा मोठा वाजतो असं नाही. जळण्याआधी तो किती सोसेल एवढंच तो आकडा सांगतो. ४० वॉटच्या ॲम्पला २५ वॉटचा एकुलता एक स्पीकर लावू नये, हा त्याचा व्यवहारातला अर्थ.

दुकानात ॲम्प वाजवून बघताना आणखी एक फसगत होते. नॉब दोनवर आणि आवाज दणदणीत, म्हणजे अजून आठ शिल्लक! तसं नसतं. बऱ्याच ट्यूब ॲम्पमध्ये क्लीन आवाजाची जवळपास सगळी वाढ पहिल्या चार-पाच आकड्यांत संपते. पुढे नॉब फिरवाल तसं डिस्टॉर्शन वाढतं, आवाज थोडाच. दुसरी फसगत उंचीची. बारा इंची स्पीकर वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे फेकतो. ॲम्प जमिनीवर आणि तुम्ही त्याला चिकटून उभे, तर तो झोत तुमच्या पोटऱ्यांवर पडतो. तुम्हाला आवाज बोथट वाटतो, तुम्ही ट्रेबल वाढवता आणि समोर बसलेल्याचे कान सोलले जातात. खुर्चीवर ठेवून किंवा मागे तिरका टेकवून पाहा. ॲम्प ‘लहान’ असल्याच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

‘ट्यूबचा खरा आवाज फुल व्हॉल्यूमवरच निघतो’ हे अर्धसत्य आहे. पन्नास-साठच्या दशकांतल्या, मास्टर व्हॉल्यूम नसलेल्या ॲम्पबाबत ते खरं, कारण त्यांचं डिस्टॉर्शन बव्हंशी पॉवर ट्यूबमधून येतं. पण १९७५ नंतर मार्शलनेही मास्टर व्हॉल्यूम दिला, आणि १९९२ च्या पीव्ही ५१५० सारख्या हाय-गेन ॲम्पचा आवाज प्रामुख्याने प्रीॲम्पमधल्या छोट्या ट्यूबच घडवतात. असा ॲम्प बेताच्या आवाजातही ओळखू येण्याइतका तोच राहतो. बाकी जे ‘हरवलं’ वाटतं त्यातलं बरंच कानाचं काम आहे. आवाज कमी असला की आपल्याला खालचे आणि वरचे सूर तुलनेने कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं. म्हणून घरी बास-ट्रेबल वाढवून जमवलेला आवाज गिगला गढूळ आणि बोचरा होतो. टोन गिगच्या आवाजातच लावावा. तो सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये लावता येणार नाही हे उघड आहे: निवासी भागासाठी कायद्याची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि १५ वॉटचा ॲम्पही ती हसत ओलांडतो.

ट्यूबचा वॉट ट्रान्झिस्टरच्या वॉटपेक्षा ‘मोठा’ असतो, असंही म्हणतात. वॉट तो वॉटच. फरक मर्यादा ओलांडल्यावर पडतो. ट्यूब ॲम्प मर्यादेपलीकडे ढकलला तरी कानाला गोड लागेल असा हळूहळू फाटतो, म्हणून आपण तो बिनधास्त ढकलतो; ट्रान्झिस्टरचा आवाज तिथे कर्कश होतो, म्हणून आपण आधीच थांबतो. तुलना होते ती प्रत्यक्षात वेगवेगळ्या पातळ्यांची. यावरून ट्रान्झिस्टर ॲम्प शिकाऊंसाठी, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी बी. बी. किंगकडे बघावं. त्याचा आवडता लॅब सिरीज एल५ ट्रान्झिस्टरचाच होता. रोलँडचा जेसी-१२० १९७५ पासून आजपर्यंत क्लीन आवाजाचा मापदंड आहे. भाड्याने मिळणाऱ्या ॲम्पमध्ये तो हमखास भेटतो. आणि जाळीतून चमकणारी एक ट्यूब दिसली म्हणून तो ट्यूब ॲम्प ठरत नाही. प्रीॲम्पमध्ये एकच १२एएक्स७ आणि पुढे सगळा ट्रान्झिस्टर, असे हायब्रिड ॲम्प पुष्कळ आहेत. त्यांत वाईट काही नाही, फक्त किंमत ट्यूब ॲम्पची देऊ नये.

आता जिथे गैरसमज जिवावर बेततो ती गोष्ट. ट्यूब ॲम्पच्या आत ३०० ते ५०० व्होल्ट डीसी खेळत असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते टिकून राहू शकतात. ॲम्प ‘बंदच तर आहे’ म्हणून उघडू नये. हम येतो म्हणून अर्थिंगची पिन तोडणारे महाभाग आहेत. ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वानसी इथे ‘स्टोन द क्रोज’ बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी स्टेजवरच गेला. अर्थिंग नसलेल्या माइकला त्याचा हात लागला, एवढंच कारण. गिटारच्या तारा ॲम्पमार्गे अर्थला जोडलेल्या असतात. माइक आणि ॲम्प यांच्या अर्थमध्ये फरक असला की वाजवणारा माणूसच मधली वायर होतो. मंडपात एक लाइन जनरेटरवरून आणि दुसरी शेजारच्या इमारतीतून घेतलेली असेल, तर गाणाऱ्याने माइकला ओठ लावण्याआधी टेस्टर लावून बघावा. गिटार आणि साउंड दोन्हींना वीज एकाच बोर्डातून घेणं त्याहून चांगलं.

अमेरिकेतून भावाने आणलेला ॲम्प १२० व्होल्टचा असतो, जपानचा १०० चा. पिन बदलून तो आपल्या २३० वर लावला तर पहिल्या मिनिटात फ्यूज जातो, नशीब वाईट असेल तर ट्रान्सफॉर्मर. पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन हवाच. फ्यूज गेला तर त्याच मापाचा घालावा, चांदीचा कागद गुंडाळू नये. आणि स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प वाजवू नये. ट्रान्झिस्टर ॲम्प ते बहुधा सोसतो, ट्यूब ॲम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. कॅब १६ ओहमची असेल तर वायर १६ च्याच जॅकमध्ये.

स्टँडबाय स्विचबद्दल मात्र लोक उगाच धास्तावतात. आधी स्टँडबाय न केल्यास ट्यूब खराब होतात, ही भीती प्रक्षेपणाच्या प्रचंड ट्यूबवरून आली आहे. गिटार ॲम्पच्या व्होल्टेजला ती लागू नाही. कित्येक उत्तम ॲम्पना हा स्विचच नसतो.

‘ट्यूब दरवर्षी बदलाव्या लागतात, आणि इथे दुरुस्त कोण करणार?’ हा घरच्यांचा प्रश्न. प्रीॲम्पच्या ट्यूब अनेक वर्षं चालतात. पॉवर ट्यूब झिजतात, पण रोज स्टेजवर वाजवणाऱ्याच्या. आठवड्याला एक प्रॅक्टिस करणाऱ्याच्या बऱ्याच टिकतात. आवाज दबला, विनाकारण खडखड आली किंवा ट्यूबचा आतला पत्रा लाल दिसू लागला, तरच बदलायच्या, आणि फिक्स्ड बायसचा ॲम्प असेल तर बायस नव्याने लावून घ्यायचा. आज त्या बनतात मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये. पण ईएल८४ ही मुळात रेडिओतलीही ट्यूब, आणि बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओचे व्हॉल्व्ह एके काळी मोठ्या प्रमाणावर केले. व्हॉल्व्हचे रेडिओ उघडून बसणारा एखादा जुना मेकॅनिक अजून तुमच्या गावात असेल, तर ॲम्पचा सर्किट डायग्राम छापून त्याच्याकडे न्या. आत काय आहे हे त्याला कळतं.

शेवटी वजन. चार ६एल६ वाला, ८५ वॉटचा ट्विन रिव्हर्ब जवळजवळ २९ किलो भरतो. प्रॅक्टिस रूम तिसऱ्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल, तर दुकानात तो एकदा स्वतः उचलून बघा, एका हाताने. दुसऱ्यात गिटार असणार आहे.