उंचावलेले पिकअप वाहन : रचना, स्थैर्य आणि कायदा
(नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मराठवाड्याच्या ग्रामीण अर्थव्यवहारात पिकअप या हलक्या मालवाहू वाहनाला आज महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे. लातूरच्या बाजारपेठेत येणारे सोयाबीन व तूर, नांदेडच्या बाजारात येणारी हळद, गावोगावचा भाजीपाला, दूध आणि पशुखाद्य यांची वाहतूक मोठ्या प्रमाणावर याच वाहनातून होते. पक्क्या रस्त्यावर निर्धोक चालणाऱ्या या वाहनाची कसोटी मात्र पाणंद रस्त्यावर लागते. त्यामुळे वाहन 'उचलून घेण्याची', म्हणजेच त्याची जमिनीपासूनची उंची वाढवण्याची, प्रवृत्ती दिसून येते. काही ठिकाणी ती गरजेपोटी असते, तर काही ठिकाणी रानवाटांवर गाडी चालवण्याच्या हौसेपोटी. घराच्या आवारातील पत्र्याच्या शेडमध्ये, साध्या अवजारांच्या साहाय्याने हे काम करता येते. तथापि ते करता येणे आणि ते योग्य असणे या दोन भिन्न बाबी आहेत. उंची वाढवल्याने नेमके काय साधते, त्याची कोणती किंमत मोजावी लागते आणि कायदा त्याकडे कसा पाहतो, या तीन प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. परिसराचे स्वरूप

नांदेड व लातूर हे दोन्ही जिल्हे प्रामुख्याने दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या प्रदेशात मोडतात. या खडकाच्या विदारणातून निर्माण झालेली काळी माती हे येथील शेतीचे वैभव होय. या मातीत पाणी शोषून फुगणाऱ्या चिकणमातीच्या कणांचे प्रमाण अधिक असते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते, चिकट होते आणि तिची भार सोसण्याची शक्ती झपाट्याने घटते. लातूरकडील बालाघाटच्या पठारावर तसेच किनवट-माहूरच्या डोंगराळ पट्ट्यात याखेरीज मुरूम, दगडगोटे, ओढे व नाले यांचीही भर पडते.

या परिसरात वाहन अडण्याची तीन कारणे संभवतात. चिखलात चाक जागच्या जागी फिरणे, हे पहिले. ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोरीत मागील अक्षाचा मधला गोळा, म्हणजे डिफरन्शियलचे आवरण, जमिनीला टेकणे, हे दुसरे. बांध किंवा ओढ्याचा काठ ओलांडताना गाडीचा मधला अथवा पुढचा भाग घासणे, हे तिसरे. या तीनही अडचणींवर उंची हा एकच उपाय आहे, असा समज आढळतो. तो तपासून पाहणे आवश्यक ठरते.

२. उंचीचे दोन प्रकार

वाहनाची उंची दोन ठिकाणी वाढवता येते : चाकांमध्ये आणि पाट्यांमध्ये. मागील अक्ष हा चाकांना थेट जोडलेला असल्याने त्याचा गोळा जमिनीपासून किती उंच राहील, हे केवळ टायरच्या त्रिज्येवर अवलंबून असते. पाटे कितीही वाढवले तरी गोळा एक मिलिमीटरही वर जात नाही. वर जातो तो सांगाडा आणि हौदा.

उदाहरणार्थ, २१५/७५ आर १५ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७०४ मिमी, तर २३५/७५ आर १५ या टायरचा व्यास सुमारे ७३४ मिमी भरतो. व्यासात ३० मिमीची वाढ झाली तरी गोळा वर जातो तो केवळ १५ मिमी. ३१ इंची, म्हणजे सुमारे ७८७ मिमी व्यासाचा टायर बसवल्यास हा लाभ ४२ मिमीपर्यंत जातो. परंतु चाकाची जमिनीवरील ओढण्याची शक्ती जवळजवळ ११ टक्क्यांनी घटते. वेगमापकावर ताशी ६० किलोमीटर दिसत असताना प्रत्यक्ष वेग सुमारे ६७ किलोमीटर असतो.

पाट्यांमधील उंचीचा लाभ वेगळा आहे. पुढील व मागील चाकांमधील अंतर ३ मीटर आणि सांगाड्याखालील मोकळी जागा २०० मिमी असेल, तर वाहन सुमारे १५ अंशांचा उंचवटा पोट न घासता ओलांडू शकते. हीच जागा ३०० मिमी केल्यास हा कोन सुमारे साडेबावीस अंशांचा होतो. म्हणजेच बांध व ओढे ओलांडण्यासाठी पाट्यांची उंची उपयुक्त ठरते, तर चाकोरीसाठी टायरची.

पहिल्या अडचणीवर, म्हणजे चिखलावर, मात्र दोन्हींचा उपयोग मर्यादितच होतो. चिखलात प्रश्न उंचीचा नसून जमिनीवर पडणाऱ्या दाबाचा व पकडीचा असतो. टायर जमिनीवर जो दाब देतो तो स्थूलमानाने त्यातील हवेच्या दाबाइतका असतो. हवा ३६ पौंडांवरून १८ पौंडांवर आणली, तर टेकणारे क्षेत्र जवळपास दुप्पट होते. पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरणे मात्र अनिवार्य असते. विनाखर्चाचा हा उपाय अनेकदा उंचीपेक्षा अधिक गुणकारी ठरतो.

३. घरगुती कार्यशाळेतील पद्धती व त्यांचे परिणाम

जुन्या जीपप्रमाणे ज्या वाहनांना पुढे व मागे अखंड अक्ष आणि कमानपाटे असतात, त्यांची उंची वाढवणे तुलनेने सोपे असते. महिंद्राच्या सीजे-३बी व एमएम ५४० या गाड्या याच रचनेच्या होत. आधुनिक पिकअपपैकी काहींमध्ये, उदाहरणार्थ इसुझू डी-मॅक्समध्ये, पुढील चाके स्वतंत्रपणे हलतात. तेथे हे काम अधिक गुंतागुंतीचे होते.

पाट्यांच्या संचात पाटा वाढवणे ही सर्वाधिक रूढ पद्धत होय. तिचा मूळ हेतू बहुधा उंची नसून जादा माल हा असतो. सारख्या ५ पाट्यांच्या संचात एकाची भर घातल्यास ताठरपणा २० टक्क्यांनी वाढतो. पाट्याच्या जाडीचा परिणाम तर घनाच्या प्रमाणात होतो : ८ मिमीऐवजी १० मिमी जाडीचे पाटे घातल्यास ताठरपणा जवळजवळ दुप्पट होतो. अशी गाडी रिकामी असताना उसळते आणि खडबडीत वाटेवर तिचे चाक जमीन सोडते. ज्या वाटेसाठी ती उचलली, त्याच वाटेवर तिची पकड कमी होते.

दुसरी पद्धत लांब शॅकल बसवण्याची. शॅकल जितकी लांब केली जाते, त्याच्या साधारण निम्मीच उंची मिळते. शिवाय अक्ष तिरका होऊन पुढील चाकांचा मागे झुकणारा कोन बदलतो आणि स्टिअरिंग भरकटू लागते. तिसरी पद्धत म्हणजे मागील अक्ष व पाटे यांच्यामध्ये ठोकळा बसवणे. पुढील अक्षावर ठोकळा बसवणे धोक्याचे मानले जाते, कारण ब्रेक लागताच निर्माण होणारा पीळ त्या ठोकळ्याला सरकवू पाहतो.

कोणतीही पद्धत स्वीकारली तरी काही पथ्ये टाळता येत नाहीत. सांगाडा केवळ जॅकवर न ठेवता लोखंडी घोड्यांवर टेकवावा लागतो. काढलेले यू-बोल्ट पुन्हा न वापरता नवे वापरावे लागतात व काही अंतर चालवल्यानंतर पुन्हा आवळावे लागतात. पाट्यांवर वेल्डिंग कदापि करू नये. पाण चढवलेल्या पोलादाचा गुणधर्म त्या उष्णतेने नष्ट होतो आणि पाटा अचानक तुटतो. ब्रेकची रबरी नळी व शॉकअब्सॉर्बर वाढीव लांबीचे घ्यावे लागतात. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन जुळवावे लागतात, अन्यथा क्रॉस लवकर झिजतात. दिव्यांचा झोत खाली आणला नाही, तर तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

सहसा दुर्लक्षित राहणारी बाब ब्रेकची आहे. अनेक पिकअपमध्ये मागील ब्रेकचा जोर भारानुसार कमी-अधिक करणारी झडप असते. सांगाडा व अक्ष यांतील अंतरावरून ती भाराचा अंदाज घेते. अंतर वाढले की गाडी रिकामी आहे असे गृहीत धरून ती मागील ब्रेकचा जोर कमी करते. झडपेची जुळणी न करता उचललेली गाडी भरलेली असतानाही तिचे मागील ब्रेक अपुरे लागतात, आणि हा दोष बाहेरून दिसत नाही.

४. स्थैर्याचा हिशेब

वाहन वळणावर उलटण्याची शक्यता मुख्यत्वे दोन मापांवर अवलंबून असते : डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची. पहिल्या मापाला दुसऱ्याच्या दुपटीने भागले असता स्थैर्याचा गुणांक मिळतो. हा गुणांक जितका कमी, तितके वाहन उलटण्यास सोपे.

केवळ स्पष्टीकरणासाठी एक उदाहरण घेऊ. चाकांमधील अंतर १४३० मिमी आणि रिकाम्या वाहनाच्या गुरुत्वमध्याची उंची ७५० मिमी मानल्यास गुणांक ०.९५ येतो. वाहन १०० मिमी उचलल्यास तो ०.८४ होतो. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर उलटण्याची सैद्धान्तिक वेगमर्यादा त्यामुळे ताशी ७८ किलोमीटरवरून ७३ किलोमीटरवर येते. हा फरक अल्प वाटण्याचा संभव आहे.

आता त्याच १७०० किलो वजनाच्या, न उचललेल्या वाहनाच्या हौद्यात सरासरी ६० किलो वजनाच्या १५ व्यक्ती उभ्या आहेत असे मानू. उभ्या व्यक्तीचा गुरुत्वमध्य रस्त्यापासून सुमारे १.८ मीटरवर धरल्यास एकत्रित गुरुत्वमध्य १११० मिमीच्या आसपास जातो. गुणांक ०.६४ आणि वेगमर्यादा ताशी ६४ किलोमीटर होते. वाहन उचललेलेही असेल तर ती ६१ किलोमीटरवर येते. प्रत्यक्षात टायर व पाटे दबतात, गाडी कलते, माणसे एका बाजूला झुकतात, रस्त्याची कड खचते; त्यामुळे खरी मर्यादा याहूनही खाली असते.

या हिशेबातून एक महत्त्वाची बाब निष्पन्न होते. १०० मिमीच्या उचलीपेक्षा हौद्यात उभी असलेली माणसे गुरुत्वमध्य तिपटीहून अधिक वर नेतात. हौशी मालकाने एकट्याने चालवलेली उंचावलेली गाडी आणि वऱ्हाडी अथवा शेतमजूर स्त्रिया उभ्या करून नेणारी तीच गाडी, या सुरक्षिततेच्या दृष्टीने दोन वेगळ्या गाड्या होत. ग्रामीण भागात मात्र एकच पिकअप सकाळी भाजीपाला, दुपारी खत आणि लग्नसराईत माणसे वाहते. म्हणून उंचीचा विचार केवळ मालकाच्या हौसेपुरता मर्यादित ठेवता येत नाही.

५. कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, २००० साली झालेल्या दुरुस्तीनंतर, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात या तरतुदीचा कठोर अर्थ ग्राह्य धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकास ५००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

विम्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. मालवाहू वाहनातून प्रवासी नेणे हा परवान्याच्या अटींचा भंग होय. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी प्रकरणात दिलेल्या निर्णयानुसार, मालवाहू वाहनातून फुकट प्रवास करणाऱ्यांच्या बाबतीत भरपाईचे वैधानिक दायित्व विमा कंपनीवर येत नाही. मालासोबत प्रवास करणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांची बाब वेगळी. अपघात घडल्यास भरपाईचा भार वाहनमालकावर, आणि तो असमर्थ असल्यास प्रत्यक्षात मृताच्या कुटुंबावरच पडण्याची शक्यता असते.

संपूर्ण वाहनच घरी घडवण्याच्या बाबतीत कायदा काय परिणाम घडवतो, याचे उदाहरण मराठवाड्याबाहेर, सांगली जिल्ह्यात सापडते. यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव असलेल्या देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार या कारागिराने टाकाऊ भागांपासून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे जाहीर कौतुक केले. मात्र नियमांत बसत नसल्याने ती आज ना उद्या रस्त्यावरून हटवली जाईल, हेही नमूद केले. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला त्या जीपच्या बदल्यात नवी बोलेरो देण्यात आली. कल्पकतेचा गौरव झाला, पण वाहन रस्त्यावर राहू शकले नाही. कारण रस्त्यावर येणाऱ्या वाहनाच्या नमुन्याची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेकडून व्हावी लागते, आणि एका कारागिराच्या आवाक्यातील ती गोष्ट नव्हे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. उंची हा सर्व अडचणींवरील एकमेव उपाय नव्हे : चिखलासाठी टायरचा नमुना व हवेचा दाब, चाकोरीसाठी टायरचा व्यास आणि बांध-ओढ्यांसाठी सांगाड्याची उंची, असा भेद करणे आवश्यक आहे. उंचीची प्रत्येक वाढ ब्रेक, स्टिअरिंग व स्थैर्य यांच्या खात्यातून वजा होते. ज्या वाहनातून माणसे नेली जाण्याचा संभव आहे, त्या वाहनाच्या बाबतीत तर ही वजाबाकी जिवावर बेतू शकते.

या कारागिरीला विधायक वळण देता येणे शक्य आहे. एसएई इंडियाची बाहा ही स्पर्धा २००७ पासून अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना खडतर वाटांवरील वाहन स्वतः घडवण्याची संधी देत आली आहे. तेथे वाहन बंदिस्त मार्गावर, सुरक्षा तपासणीनंतर चालवले जाते. नांदेड व लातूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने यांनी स्थानिक गॅरेज कारागिरांसाठी पाटे, यू-बोल्ट व ब्रेकच्या झडपा यांविषयी लघुअभ्यासक्रम घेतल्यास ज्ञान व अनुभव यांची देवघेव दोन्ही बाजूंनी होईल. स्थैर्याचा वरील हिशेब पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही करता येण्याजोगा आहे. तो वाहनमालकापर्यंत पोहोचवणे हे महाविद्यालयांचे विस्तारकार्य ठरू शकेल.

वाहन उचलण्याची गरज मुळात वाटेच्या दुरवस्थेतून निर्माण होते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना हाती घेतली, ती याच गरजेची दखल होय. काळ्या मातीवर मुरूम-खडीचा थर आणि पाण्याच्या निचऱ्यासाठी दोन्ही बाजूंना चर असलेली पाणंद मूळ उंचीच्या साध्या पिकअपलाही पावसाळ्यात शेतापर्यंत नेऊ शकते. तिचा लाभ एका मालकाला न होता संपूर्ण शिवाराला होतो, आणि त्यासाठी कोणत्याही गाडीचा गुरुत्वमध्य वर न्यावा लागत नाही.