पंखा आधी टांगायचा, मग जोडायचा

वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. चांदूर बाजारच्या बाजूला तर रात्रीही भिंती तापलेल्या असतात, त्यामुळे नव्या घरात राहायला जाताना पहिली खरेदी बहुधा पंख्याचीच होते. चर्चा मात्र कंपनी, रंग आणि स्टार यांच्यापुढे सरकत नाही. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचे झाल्याने वीजबचतीचा हिशेब खोक्यावरच छापून येतो. तो हिशेब महत्त्वाचा आहेच. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, बीएलडीसी म्हणजे ब्रशविरहित डीसी मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला १२ तास आणि वर्षाचे २४० दिवस धरले तर एका पंख्यामागे सुमारे १३० युनिट वाचतात. उन्हाळ्यात व्होल्टेज पडले की साधा पंखा मंदावतो, बीएलडीसी बऱ्याच अंशी तग धरतो. पण पंखा वारा किती देईल आणि माणसांच्या डोक्यावर किती वर्षे सुखरूप राहील, हे दुकानात ठरत नाही. ते छताशी ठरते. पंखा बसवणे हे आधी वजन टांगण्याचे काम आहे, विजेचे काम त्यानंतरचे.

पंख्याचे वजन चार-पाच किलोच असते, आणि एवढे वजन कुठलाही खिळा पेलेल असे वाटते. पण हे वजन स्थिर नसते. मिनिटाला ३५० फेरे धरले तर दहा तासांत दोन लाखांहून अधिक फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्याचा बारीक हिसका हुकापर्यंत पोहोचतो. हूक, त्यावरचे रबर बुश, त्यातून जाणारा बोल्ट, बोल्टची नट, नट निसटू नये म्हणून घातलेली कॉटर पिन, मग रॉड आणि खाली मोटर अशी ही साखळी असते. यातली सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे कॉटर पिन, आणि घाईत विसरली जाते तीच. पिन आरपार घालून तिची दोन्ही टोके विरुद्ध दिशांना वाकवलेली असली पाहिजेत. एकदा हूक झाकणारा रॉडवरचा कप वर सरकवला की हे काहीच दिसत नाही, म्हणून कप लावण्याआधी घरमालकाने स्वतः स्टुलावर चढून पाहावे. काही पंख्यांसोबत पोलादी तारेची सुरक्षा दोरी येते. ती खोक्यात पडून राहू नये.

वाऱ्याचे गणितही टांगण्यातच आहे. पंखा वरची हवा ओढून खाली ढकलतो. पाती छताला चिकटून असतील तर ओढायला हवाच मिळत नाही, म्हणून पाती आणि छत यांत फूटभर तरी अंतर हवे. जमिनीपासून पाती आठ फुटांच्या आसपास असावीत, म्हणजे हात वर केला तरी लागणार नाहीत. छत उंच असेल तर लांब रॉड घ्यावा. पंखा डुलत असेल तर मोटरला दोष देण्याआधी टेप घ्यावा. पंखा बंद करून एकेक पाते हाताने एकाच जागी आणावे आणि त्याच्या टोकापासून छतापर्यंतचे अंतर मोजावे. एखादे पाते वेगळे भरले तर ते वाकलेले आहे. एका पंख्याची पाती दुसऱ्याला लावू नयेत, कारण ती जुळवलेल्या वजनाची असतात.

यावर कुणी म्हणेल, वीस-वीस वर्षे पंखे असेच लटकत आहेत, कुठे काय झाले? पण झीज हळू होते. रबर कडक होते, बोल्टचे भोक लांबट होते, आणि हे सगळे कपाआड घडते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भर उन्हाळ्यात पंखा गरम वाराच फेकतो, मग पैसे कूलरवरच का घालू नयेत? हे अर्धे खरे आहे. पंखा हवा थंड करत नाही, तो घाम वाळवून शरीर थंड करतो. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंख्यावर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. त्या दुपारी कूलरच हवा. पण पावसाळ्याच्या दमटपणात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात कूलर निकामी ठरतो, आणि मग काम पंख्याचेच असते.

म्हणून निर्णय घ्यायचा तो स्लॅब पडण्याआधी, सेंट्रिंगवर सळई बांधली जात असताना. पलंग कुठे येणार ते ठरवून फॅन बॉक्स ठेवावा आणि त्याचा हूक वरच्या सळईत अडकवून घ्यावा. नुसत्या सिमेंटवर भिस्त नको. हूक राहून गेला असेल तर फास्टनर शाबूत काँक्रिटमध्येच खोल बसवावा, प्लास्टरमध्ये किंवा पीओपीत नाही. टिनाच्या घरात पत्र्याला किंवा त्याच्या हुकाला पंखा न टांगता दोन भिंतींवर टेकलेला लोखंडी पाइप टाकावा. यानंतर वायरमनने मेन बंद करावा, बटण फेजवरच असल्याची खात्री करावी आणि अर्थिंग जोडावे. पंखा नंतर कधीही बदलता येतो; हूक बदलायचा तर स्लॅब फोडावा लागतो. म्हणून पंख्याआधी विचार हुकाचा करावा.