ठगाची गोष्ट कोणी सांगितली?

'ठग' हा शब्द आपल्याकडे जुनाच. गोड बोलून लुबाडतो तो ठग, एवढा त्याचा साधा अर्थ. हा शब्द इंग्रजीतही रुळला आणि तिकडे आज कोणत्याही दांडगट गुंडाला ठग म्हणतात. तो घरोघर पोहोचवण्यात एका कादंबरीचा मोठा वाटा आहे, आणि तिचा लेखक पुढे आपल्याच धाराशिव जिल्ह्यात कारभारी म्हणून आला होता, बरं का!

त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर. हा निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी. त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग', म्हणजे ठगाचा कबुलीजबाब, ही कादंबरी १८३९ साली निघाली. १८५३ मध्ये निजामाने नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा टेलर नळदुर्गला आला. तुळजापूरच्या परिसरावर त्याने पुढे 'तारा' ही कादंबरीही लिहिली.

आता ठगांची रीत पाहा. टोळीने वाटसरूंशी सलगी करायची, सोबत चालायचे, मग रुमालाने गळा आवळून प्रेत पुरायचे आणि लुटीची वाटणी करायची. कादंबरीतला अमीर अली अशा ७१९ खुनांचा हिशेब साहेबापुढे मांडतो. तो इतका रंगून बोलतो की वाचणारा खिळून राहतो. पण मेलेल्या वाटसरूंचे काय? त्यांना नाव नाही, आवाज नाही. कलेची मोहिनी ती हीच: गुन्हेगार लक्षात राहतो, मेलेला विसरला जातो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. ठगांची बरीचशी माहिती माफीच्या साक्षीदारांनी दिलेली. जीव वाचवायचा तर साहेबाला हवे ते बोलायचे, हे उघड आहे. म्हणून देशभर पसरलेला ठगांचा एकच पंथ खरोखर होता का, याविषयी आज इतिहासकारांत वाद आहे. कायदा मात्र थांबला नाही. १८३६ पासून टोळीत असणे एवढ्यावरच जन्मठेप होऊ लागली. १८७१ च्या कायद्याने तर काही जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. मूल पाळण्यात, आणि कपाळी शिक्का! तो कायदा १९५२ साली रद्द झाला. लोकांच्या मनातला शिक्का अजून पुसलेला नाही. सिनेमानेही तोच रंग गडद केला. 'गंगा दीन' (१९३९) आणि इंडियाना जोन्सचा १९८४ चा चित्रपट यांत ठग आहेत आणि देवी म्हणजे नुसती रक्तपिपासू. आपण जिला आई म्हणून हाक मारतो, तिचे हे रूप!

याला उत्तर आपल्याच मातीतून आले. लक्ष्मण गायकवाड हे धनेगावचे. आज हे गाव लातूर जिल्ह्यात आहे. १९८२ पर्यंत ते उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. त्यांच्या 'उचल्या' या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात चोरी आहे, पण चोरीची ऐट नाही. पोटातली भूक आहे, पोलिसांचा मार आहे, शाळेची ओढ आहे. टेलरच्या पुस्तकात साहेब विचारतो आणि ठग सांगतो. इथे शिक्का बसलेला माणूस आपणहून बोलतो.

गुरुजींनो, आजची पोरे पडद्यावरच्या 'भाई'ची चाल उचलतात. त्यांना सिनेमा पाहू नका म्हणून भागणार नाही. गोष्ट संपली की तीन प्रश्न विचारायला शिकवा: ही कोण सांगतो आहे? कोणाला सांगतो आहे? आणि हिच्यात कोणाला बोलूच दिलेले नाही?