पान लागलं, इच्चू चावला, फवारा बाधला... दवाखान्यात नेल्यावर नेमकं काय होतं?

पाटोदा (प्रतिनिधी) : मृगाचा पाऊस पडला की आपल्या तालुक्यात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. शेतात पेरणी आणि दवाखान्यात रात्रीची धावपळ. पेरणीच्या टायमाला विंचू-साप निघतात, पुढं श्रावण-भादव्यात फवारणी येते, दसऱ्याच्या आगंमागं सोयाबीनची मळणी. वर्षभराचं हे गणित ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरांना आपल्यापेक्षा चांगलं पाठ असतं. पण रुग्ण घेऊन गेलेल्या नातेवाइकांना आत काय चाललंय ते कळत नाही. मग दारात भांडणं होतात, "इंजेक्शन का देत नाहीत," "बीडला का पाठवता," असा आरडाओरडा होतो. त्या आत चाललेल्या गोष्टी समजून घ्याव्यात म्हणून हा लेख.

सुरुवात सापापासूनच करू. जुनी माणसं साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. आपल्याकडं जीव घेणारे साप मुख्यतः चार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. बाकी धामण, दिवड, तस्कर, कवड्या हे बिनविषारी. शिवाय विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असं नाही. मंत्र टाकणाऱ्याचं, मारुतीच्या पारावर रात्रभर बसवणाऱ्याचं नाव होतं ते इथंच. ज्याच्या अंगात विष गेलेलंच नाही, तो काहीही केलं तरी बरा होणार. कडुलिंबाचा पाला खायला द्यायचा आणि कडू लागला तर विष नाही, असं अजूनही कितीतरी गावांत चालतं. त्या पाल्याचा आणि विषाचा काही संबंध नाही. त्यात अर्धा-पाऊण तास जातो तेवढाच.

आता दवाखान्यात काय होतं ते बघा. डॉक्टर आधी साप कोणता हे विचारण्यात फार वेळ घालवत नाहीत. ते लक्षणं बघतात. घोणस आणि फुरशाचं विष रक्तावर जातं. चावल्या जागी सूज चढत जाते, हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं, घोणशीमुळं पुढं किडनीही बसते. हे ओळखायला फार मोठी लॅब लागत नाही. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिली रक्त घेतात आणि २० मिनिटं न हलवता ठेवतात. मग नळी वाकडी करून बघतात. रक्त गोठलेलं असलं तर ठीक, पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय. ही २० मिनिटं नातेवाइकांना लई मोठी वाटतात. "नुसती बाटली ठेवून बसलेत" असं म्हणणारे लोक मी ऐकलेत. पण ती बाटलीच तपासणी आहे. एकदा चांगली आली तरी ती पुन्हा पुन्हा करावी लागते, कारण विष उशिरानंही चढतं. म्हणून रुग्णाला बरं वाटत असलं तरी २४ तास ठेवून घेतात.

सापाच्या विषावरची लस, म्हणजे घोड्याच्या रक्तातून तयार होणारं औषध, या चारही सापांवर एकच असतं. मुंबईची हाफकिन संस्था ते पूर्वीपासून बनवत आली आहे. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं. बहुतेक वेळा सुरुवातीला दहा बाटल्या सलाईनमधून तासाभरात देतात. लहान लेकराला आणि मोठ्या माणसाला डोस सारखाच असतो. बरेच जण चकित होतात, पण साप लेकराला चावताना विष कमी सोडत नाही, हे त्यामागचं साधं कारण. आता, लक्षण काहीच नसलं तर ही लस देत नाहीत. घोड्याच्या रक्तापासून बनलेलं असल्यानं काहींना त्याची जोराची रिअॅक्शन येते. अंगावर गांधी उठतात, बीपी एकदम खाली जातं, दम लागतो. त्यासाठी अॅड्रेनलिनचं इंजेक्शन भरून तयार ठेवूनच ही लस सुरू करतात. तेव्हा "इंजेक्शन दिलंच नाही" म्हणून डॉक्टरवर धावून जायच्या आधी, लक्षण दिसतंय का, रक्त गोठलं का, हे विचारावं.

सगळ्यात फसवा साप मण्यार. तो रात्री येतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दात इतके बारीक की पुष्कळदा खूणही सापडत नाही. सूज नाही, आग नाही. माणूस पहाटे पोटात दुखतं म्हणून उठतो, उलटी होते, घरचे ओवा-सोडा देतात. मग पापण्या जड व्हायला लागतात, बोबडं बोलतो, थुंकी गिळता येत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अचानक असं झालं तर ते अपचन समजायचं नाही, दवाखान्यात "रात्री खाली झोपला होता" हे न विचारता सांगायचं. ऊसतोडीला गेलेल्या आपल्या माणसांनी तर हे ध्यानात ठेवायलाच पाहिजे. कोपीत सगळे खालीच झोपतात, आणि कारखान्याच्या भागातला डॉक्टर तुम्हाला ओळखत नसतो. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपलं तर डासासकट मण्यारही बाहेर राहते.

मण्यारीच्या विषानं छातीचे स्नायू लुळे पडतात आणि श्वास थांबतो. इथं नुसत्या लसीवर भागत नाही, व्हेंटिलेटर लागतो. पाटोद्यातून बीडच्या जिल्हा रुग्णालयात नाहीतर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतात ते यासाठी. डॉक्टर हात झटकतात असं नाही. वाटेत रबरी पिशवी दाबून श्वास देत न्यावं लागतं. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगतो. असा रुग्ण डोळे उघडत नाही, हात हलवत नाही, बघणाऱ्याला वाटतं संपलं. पण कित्येकदा तो आतून जागा असतो, आपलं बोलणं ऐकत असतो. काही दिवस मशीनवर राहून असे रुग्ण चालत घरी आलेले आहेत. तेव्हा मशीनवर ठेवलंय म्हणून रुग्णाला उचलून घरी न्यायची घाई करू नये, आणि त्याच्या उशाशी बसून रडारडही करू नये.

देशात सापानं किती माणसं जातात? २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं, केंद्र सरकारनं २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात ठरलंय. बघू.

घरून निघताना करायचं ते थोडंच आहे. चावलेला हात-पाय हाड मोडल्यासारखा काठीला बांधून स्थिर ठेवायचा. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढायचे, सूज चढली की ते मांसात रुततात. ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं करकचून आवळायचं नाही. घट्ट बांधून आणलेला पाय काळानिळा पडलेला डॉक्टरांना पुष्कळदा बघायला मिळतो. आधीच कुणी बांधलं असेल तर वाटेत सोडू नका, दवाखान्यात सोडतील. रुग्णाला पळवू नका, चालवू नका. गाडी नसली तर मोटारसायकलवर दोघांच्या मधी बसवून न्या. साप मारून पिशवीत घालून आणायची गरज नाही, त्या नादात दुसऱ्याला चावतो.

विंचवाची गोष्ट वेगळी आहे आणि ती आपल्या मराठवाड्यातल्या माणसानंच जगाला शिकवली. डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले. १९७० च्या दशकात ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सरकारी डॉक्टर म्हणून लागले. तिथं लाल विंचू चावलेली माणसं, जास्त करून लेकरं, डोळ्यांदेखत जायची. घामानं चिंब, हातपाय बर्फासारखे गार, तोंडाला फेस. बावस्करांनी एकेका रुग्णाजवळ बसून नोंदी ठेवल्या आणि त्या 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकाकडं पाठवल्या. १९८२ मध्ये त्या छापून आल्या. विंचवाच्या विषानं शरीरात अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय दमतं आणि फुप्फुसात पाणी भरतं, हे त्यांच्या लक्षात आलं. मग आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरली. पूर्वी असे गंभीर झालेले शंभरातले तीस-चाळीस जायचे, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या मते ती फार उशिरा मिळाली, पण ते असो.

आपल्यासाठी यातलं कामाचं काय? नुसती भयंकर आग होतीय, हातपाय गरम आहेत, तर बहुधा निभावतं. पण घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, लेकरू गप्प-गप्प झालं की एक मिनिट थांबायचं नाही. काळी मोठी इंगळी दिसायला भयंकर, पण जीव घेतो तो लहानसा लाल विंचू. दवाखान्यात प्राझोसिन दिल्यावर लेकराला आडवंच ठेवतात. आईला वाटतं बरं वाटतंय, उचलून कडेवर घ्यावं. नाही घ्यायचं. त्या गोळीनं उभं केल्यावर बीपी एकदम पडतं. गोळी किती आणि केव्हा हे डॉक्टर ठरवणार, घरी आणून ठेवायची ही गोष्ट नव्हे.

फवारणीचं २०१७ मध्ये यवतमाळला काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. कापसावर फवारताना शेकडो जणांना बाधा झाली, २० हून अधिक शेतकरी-मजूर गेले. कपाशी उंच झालेली, फवारा डोक्याच्या वर उडतो, घामानं अंग भिजलेलं, आणि कातडीतून औषध आत जातं. तोंडावाटेच जातं असं नाही. डोळ्याला, तोंडाला पाणी सुटणं, मळमळ, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणं, छातीत घरघर. पहिलं काम, कपडे काढा आणि साबणानं अंघोळ घाला, केसांसकट. मीठपाणी पाजून उलटी काढू नका, ते श्वासनळीत जातं. औषधाचा डबा नाहीतर निदान त्याचं लेबल दवाखान्यात न्या. ह्या एका डब्यानं डॉक्टरचा केवढा वेळ वाचतो! सगळ्या औषधांचा उतारा एक नसतो. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. बऱ्याच औषधांवर अॅट्रोपीन देतात, छातीतली घरघर थांबेपर्यंत परत परत. त्यानं रुग्ण बडबडायला लागतो, हातपाय झाडतो, तोंड कोरडं पडतं. नातेवाईक म्हणतात डोक्यावर परिणाम झाला. तो अॅट्रोपीनचा असर असतो, उतरतो.

मळणी यंत्र आणि कडबा कुट्टीत गेलेली बोटं हा दिवाळीच्या आगंमागंचा विषय. जखमेत हळद, चहा पावडर, तंबाखू कोंबू नका. स्वच्छ फडकं ठेवून दाबून धरा आणि हात वर ठेवा. बोट तुटून पडलं असलं तर ते धुऊन, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं की ते जळतं आणि जोडता येत नाही. गळ्यातला रुमाल, ओढणी, साडीचा पदर खोचून घेतला तर ही वेळच येत नाही.

मोटारसायकलवरून पडलेला माणूस "काही लागलं नाही" म्हणून उठून घरी जातो आणि रात्री पोट फुगतं. रक्त बाहेर दिसलं नाही म्हणजे मार लागला नाही असं नव्हे. गोपीनाथराव मुंडे साहेब ३ जून २०१४ ला दिल्लीत अपघातात गेले, तेव्हाही बाहेरून मोठी जखम नव्हती, मार आत लागला होता. पडल्यावर पोट दुखणं, चक्कर, घाम, वारंवार उलट्या असं काही असलं तर सोनोग्राफी होईपर्यंत घरी जायचं नाही. तसंच पन्नाशीतल्या माणसाच्या छातीत कळ येऊन घाम फुटला तर "गॅस झालाय" म्हणून सोडा पाजत बसू नये. आधी ईसीजी.

१०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून फुकट आहे. फोन केल्यावर गावाचं नाव सांगून भागत नाही, वस्ती कोणत्या फाट्यावरून आत, जवळची खूण काय, हे सांगावं आणि एक माणूस बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करावा. आपल्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्यांना रात्री शोधणं ड्रायव्हरला सोपं नसतं.

शेवटी कागदाचं. दवाखान्यात सर्पदंश, यंत्राचा अपघात, विषबाधा यांची पोलिसांना खबर जाते. लोक म्हणतात, "साहेब, केस नको, तसंच उपचार करा." पण त्याच नोंदीवर पुढची मदत अवलंबून असते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत १० ते ७५ वयाच्या शेतकऱ्याला आणि घरातल्या आणखी एका व्यक्तीला संरक्षण आहे. अपघाती मृत्यू झाला तर वारसाला दोन लाख, एक हात, पाय किंवा डोळा कायमचा गेला तर एक लाख. साप, विंचू, वीज, यंत्र, विषबाधा सगळं त्यात बसतं. २०२३ पासून विमा कंपनी मधी नाही, अर्ज थेट तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं ३० दिवसांच्या आत द्यायचा. सोबत सातबारा, वयाचा पुरावा, पोलिसांचे कागद आणि दवाखान्याचे कागद लागतात. केस पेपर म्हणून घरात जी चिठ्ठी उशाखाली पडून असते, ती हीच.