अपडेट नंतर, आधी फॉर्म

जून-जुलैत पांढुर्ण्यातल्या कुठल्याही एमपी ऑनलाइनच्या दुकानात डोकावून पाहा. कॉलेजचे फॉर्म, समग्र आयडीतल्या दुरुस्त्या, जातीचे दाखले, घाई सगळ्यांनाच. नेमकी तेव्हाच स्क्रीन बदलते, ठिपके गोल फिरू लागतात आणि आकडा येतो 30 टक्क्यांवर. तिथंच अडून बसतो. रांगेतला कुणी म्हणतो, ‘भाऊ, बटण दाबून बंदच करा ना.’ त्या दिवशी संध्याकाळी दुकानदार ओळखीच्या मेकॅनिकला बोलावतो आणि अपडेट कायमचं बंद करून घेतो. सौंसरला वेगळं चित्र नाही. दुकानदाराचा वैताग खराच आहे, इलाज तेवढा चुकलेला आहे.

‘अपडेट म्हणजे कंपनीचे नवे चाळे, आपलं जुनं बरं चाललंय,’ हा यातला सगळ्यात पक्का समज. बटणांची जागा बदलणारी मोठी अपडेटं वर्षातून एखाद्या वेळी येतात. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट जी सोडतं ती मुख्यतः सापडलेल्या भगदाडांची डागडुजी असते. ती सुटतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. त्यामुळे बुधवारी सकाळी शटर उघडून नेट लावलं की मशीन डाउनलोडच्या मागे लागतं आणि नेमका गिऱ्हाइकांच्या वेळेत जीव खातं. डागडुजी जाहीर झाली म्हणजे भगदाड कुठं होतं याची दवंडीही पिटली गेली. चोरालाही ती ऐकू येते. म्हणून अपडेट आल्यानंतरचे दिवस आधीपेक्षा जास्त धोक्याचे असतात.

2017 साली हेच झालं. विंडोजमधल्या एका भगदाडाची डागडुजी 14 मार्चला आली होती. 12 मेला ‘वॉनाक्राय’ सुटला आणि काही दिवसांत सुमारे दीडशे देशांतल्या दोन लाखांहून जास्त संगणकांतल्या फायली कुलूपबंद करून पैसे मागू लागला. मध्ये जवळजवळ दोन महिने मिळाले होते. बळी पडलेल्यांत बहुसंख्य विंडोज 7 होते, म्हणजे ज्यांच्यासाठी डागडुजी तयार होती, फक्त बसवलेली नव्हती.

‘आमच्या गावातल्या दुकानात कोण येतंय हॅक करायला?’ कुणीही येत नाही, हे खरं. वॉनाक्राय पत्ता पाहून येत नव्हता. नेटवर उघडं दार दिसलं की शिरत होता. शिवाय दुकानदाराचं स्वतःचं काही नसलं, तरी त्याच्या डाउनलोड फोल्डरमध्ये अर्ध्या तालुक्याची आधार कार्डं, मार्कशीट आणि पासबुकांचे स्कॅन पडलेले असतात. ते मात्र कुणी मोजत नाही.

त्याच वर्षी 27 जूनला ‘नॉटपेट्या’ आला. युक्रेनमध्ये सुरू झालेल्या या प्रकारानं न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. मर्स्कला नंतर 45 हजार संगणक आणि 4 हजार सर्व्हर नव्यानं उभे करावे लागले. वॉनाक्रायनं वापरलेलं भगदाड इथंही कामी आलं. पण गोम अशी, की नॉटपेट्या पहिल्यांदा शिरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच! म्हणजे ‘अपडेट कधी दगा देत नाही’ हाही गैरसमजच. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलीनं सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पाडले. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून द्यावे लागले. तरीही या दोन घटना दाखवून अपडेट टाळणाऱ्याचं मला पटत नाही. अशी अपडेटं क्वचित येतात, उघड्या भगदाडांतून होणारी घुसखोरी रोजची आहे.

आता मशीन ‘स्लो’ होण्याचं. अपडेट चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. डिस्कचा आकडा 100 टक्क्यांवर चिकटलेला दिसला, तर बहुधा जुनी फिरती हार्ड डिस्क दमली आहे. तिच्या जागी एसएसडी बसवली की तेच अपडेट निमूट पार पडतं. सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ आहेत, तिथं दुकानाची वेळ टाकली की त्या वेळेत मशीन आपोआप रीस्टार्ट होत नाही. ऐन हंगामात अपडेट काही आठवडे थांबवताही येतं, कायमचं बंद करायची गरज नाही. नेट मोबाइलवरून घेत असाल तर ‘मीटर्ड’ची खूण करा.

‘मी रोज रात्री शटडाउन करतो, मग अपडेट लागतंच की.’ नेहमी नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर साध्या शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा झोपी जातो, नव्यानं सुरू होत नाही. अपडेट वाट पाहत असेल तर रीस्टार्ट करा, किंवा ‘अपडेट अँड शटडाउन’ निवडा. मध्येच लाइन गेली तर विंडोज बहुतेक वेळा मागे फिरून जुन्या स्थितीला येतं, पण त्या भरवशावर राहू नका. यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर आधी ती बदला.

आणि कृतिदेव! ‘अपडेट केलं की कृतिदेव उडतो’ असं टायपिंगवाले शपथेवर सांगतात. मासिक अपडेट तुम्ही टाकलेल्या फाँटला हात लावत नाही. फाँट उडतो तो मेकॅनिक पूर्ण फॉरमॅट मारून नवं विंडोज टाकतो तेव्हा, आणि दोष अपडेटच्या माथी जातो. फाँटच्या फाइली वेगळ्या ठेवा.

विंडोज 10 चा मोफत पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. नाव नोंदवून सुरक्षेची अपडेटं आणखी एक वर्ष घेता येतात. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, त्यामुळे जुन्या मशीनवर ते रीतसर चढत नाही. इथंच कुणीतरी ‘क्रॅक’ पुढे करतो. आधी अँटिव्हायरस बंद करा, असं सांगणारी फाइल काय करणार आहे, हे त्यावरूनच ओळखावं.

‘तुमचा ब्राउझर जुना झाला, इथं दाबा’ असं एखादी वेबसाइट म्हणत असेल तर दाबू नका. क्रोमचं अपडेट क्रोमच्या मेनूतून, विंडोजचं सेटिंगमधून. आणि बॅकअपची हार्ड डिस्क काम झालं की काढून ठेवा. चोवीस तास जोडलेली असेल, तर वॉनाक्रायसारखा किडा तिच्यातल्या फायलींनाही कुलूप लावतो.